उपाशी पाणी

पायरी चढून आत आला की तो आधी "जय भीम, बाई" म्हणायचा. मग कापडी पिशवीतून बाटली काढून माझ्या टेबलावर अशी आदळायचा की शेजारच्या काचनळ्या किणकिणायच्या. आणि मग ठरलेलं वाक्य, "हे तपासा. अन् खरं लिवा."

खोटं मी कधीच लिहिलं नव्हतं. पहिल्या भेटीत तसं त्याला सांगितलं. त्याने खुर्ची ओढली, ऐसपैस बसला आणि म्हणाला की खोटं लिहिणारा प्रत्येक माणूस नेमकं हेच म्हणतो. तिथून आमचं जे बिघडलं ते शेवटपर्यंत सुधारलं नाही.

मी तालुक्याच्या गावी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, एक कुरकुरणारा फ्रिज आणि खिडकीबाहेर कडुनिंब. कोरपन्याच्या बाजूची गावं आमच्याकडे येतात. वर कापसाची काळी जमीन, खाली चुनखडी, रस्त्यावर सिमेंट कारखान्यांचे डंपर, आणि बऱ्याच बोअरच्या पाण्यात फ्लोराइड. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात. त्याच्या वर गेलं की लहानपणी दात डागाळतात आणि मोठेपणी हाडं आखडतात. अशा हातपंपाला लाल रंग मारतात. रंग मारला की सरकारी काम झालं. लोक मात्र त्याच पंपावर येत राहतात, कारण तो घराजवळ असतो आणि पाणी थंड असतं.

काम नसताना येणारा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. त्याची चाहूल लागली की शिपायाला अचानक बँकेत जायचं असतं. आमच्याकडचा तो हा. साठी ओलांडलेला, उंच, हाडकुळा, भर उन्हाळ्यात शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावणारा. चंद्रपूरला आयटीआयमध्ये फिटर झाला, एजंट धरून आखातात गेला आणि केस पांढरे झाल्यावर परत आला. गावात त्याला दुबईवाला म्हणत. दुबईत तो कधीच नव्हता, आणि ही गोष्ट तो प्रत्येक माणसाला प्रत्येक वेळी सांगायचा. तरी लोक दुबईवालाच म्हणत. मला वाटतं, तो चिडतो म्हणूनच म्हणत.

"मी समुद्र पिऊन आलो, बाई," असं तो म्हणायचा. हे मात्र खरं होतं. समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या एका मोठ्या कारखान्यात त्याने कमाईची सगळी वर्षं काढली होती. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं. ते पाणी प्रचंड दाबाने बारीक पडद्यांवर ढकलतात. मीठ अलीकडे राहतं, पाणी पलीकडे जातं. थोडं बोरॉन निसटतं, त्याच्यावर नजर ठेवावी लागते. त्याचं काम या सगळ्याच्या पुढचं. पडद्यापलीकडे आलेल्या पाण्यात जवळजवळ काहीच उरलेलं नसतं. कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही, वर किंचित आंबटपणा. असं पाणी वाटेत जे भेटेल ते उचलत जातं. लोखंडी पाइपातून लोखंड घेतं, सिमेंटच्या टाकीतून चुना घेतं. म्हणून ते आधी चुनखडीच्या मोठमोठ्या हौदांतून फिरवतात आणि मगच शहरात सोडतात. ते हौद त्याच्या ताब्यात होते. पडद्यातून आलेल्या कोऱ्या पाण्याला तो उपाशी पाणी म्हणायचा. ते दगड कसे धुवायचे, कधी बदलायचे, पाणी किती वेळ मुरवायचं, हे तो इतकं रंगवून सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, हा पाण्याला पंगतीला बसवून वाढत होता.

एवढ्यावर राहिला असता तर मी त्याला चहा पाजला असता.

तो परत आला त्याच सुमारास त्याच्या गावात महिला बचत गटाने आरओचं छोटं यंत्र बसवलं होतं. तत्त्व समुद्राच्या कारखान्याचंच, फक्त दाब कमी आणि पडदे लहान. लाल पंपाच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेच्या दुपटीहून जास्त होतं, यंत्रातून आल्यावर नावापुरतं उरायचं. हे पाणी मी स्वतः तपासलं होतं. गटाची अध्यक्ष मंदाबाई. दणकट बाई, बोलायला लागली की पंचायतीचा सचिव खिडकीबाहेर बघायचा. तिने घरोघर फिरून लोकांना कॅन न्यायची सवय लावली होती.

यंत्र सुरू होऊन लोक रुळले, आणि एके दिवशी हा तिथे गेला. रांगेत उभा राहिला, पेला भरला, घोट तोंडात घोळवला आणि सगळ्या बायांच्या समोर बाजूला थुंकला.

"हे पाणी नाई," तो म्हणाला. "हे उपाशी आहे. हे तुमची हाडं खाईन."

आता तुम्ही सांगा, अशा माणसाचं काय करायचं? सरकारी दवाखान्याचे डॉक्टर, मी, मंदाबाई, तिघांनी मिळून सांगितलेलं त्याने एका थुंकीत पुसून टाकलं. तो परदेशात राहिलेला, असल्याच कारखान्यात काम केलेला, आणि त्याच्या गुडघ्यांत खरंच त्रास होता. गुडघे दाखवून तो म्हणायचा, बघा, उपाशी पाण्याने खाल्ले. अर्ध्या गावाने कॅन बंद केले आणि बाया पुन्हा लाल पंपावर उभ्या राहिल्या.

मी गावात गेले आणि पंपापाशीच त्याला गाठलं. चार माणसांत त्याच्याशी भांडले. उपाशी पाणी पाइप खातं, कारण पाइपाला दुसरीकडून काही मिळत नाही, म्हटलं. माणूस जेवतो. पाण्यात कॅल्शियम कमी पडलं तर जवसाची, तिळाची चटणी आहे, भाजी आहे, दूध आहे. फ्लोराइड मात्र ताटातून परत काढता येत नाही. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, मी ज्यांची नावं घेते आहे त्या वस्तू या गावात कोणाच्या घरी रोज असतात? भात आणि वरणाचं पाणी, एवढंच असतं. खाण्यात कमी आणि पाण्यातही नाही, मग हाडाला मिळणार कुठून?

हा मुद्दा अगदीच वेडगळ नव्हता. खाण्यात कॅल्शियम कमी असलं की फ्लोराइड जास्त छळतं, हे मला माहीत होतं. पण त्यावर इलाज म्हणून फ्लोराइडच प्यायचं, हे कुठलं शास्त्र? त्याचा धाकटा भाऊ तिथेच पंपाच्या ओट्यावर बसला होता. आयुष्यात गाव न सोडलेला. त्याची पाठ अशी आखडली होती की मागून कोणी हाक मारली तर अख्खं अंग वळवायचा. मी त्याच्याकडे बोट केलं आणि विचारलं की हा कुठल्या समुद्राचं पाणी प्यायला होता.

"तो लहानपणापासूनच आळशी आहे," तो म्हणाला.

भाऊ हसला. मला हसू आलं नाही.

हे सगळं एवढ्यावर राहिलं असतं तरी मी सोडून दिलं असतं. मोठी माणसं आपली हाडं आपल्या हौसेने मोडून घेतात. पण त्याच्या घरात एक नात होती, तन्वी. मुलगा नागपूरकडे ड्रायव्हर, तो महिन्यादोन महिन्यांनी यायचा. घरात हा, सून सुषमा आणि ही चार वर्षांची पोरगी. दुधाचे दात पडून जे पक्के दात येतात, ते हिरड्यांच्या आत फार आधी तयार व्हायला लागतात. समोरचे दात तर चौथ्या वर्षापर्यंत आतल्या आत घडून होत आलेले असतात, बाकीचे सातव्या-आठव्या वर्षापर्यंत घडत राहतात. या काळात जे पाणी पोटात जातं ते दातात कायमचं उतरतं. मागून कितीही चांगलं पाणी पाजलं तरी डाग जात नाही. म्हणजे पोरीचे बरेच दात अजून वाचण्यासारखे होते आणि रोजचा प्रत्येक पेला त्यातलं काही कमी करत होता.

सुषमा तालुक्याच्या बाजाराला आली की माझ्याकडे डोकवायची. मितभाषी मुलगी. तिने मंदाबाईकडून लपवून पाणी आणून पाहिलं होतं, तर सासऱ्याने चवीवरून ओळखलं आणि अंगणात ओतून दिलं. तो तिला काही वाईट बोलला नव्हता, शिवी दिली नव्हती. नुसतं समजावलं होतं, तासभर. तिच्या मते शिवी बरी असती.

मी त्याच्या घरी गेले. नात तांब्याच्या पेल्याने पाणी पीत होती, आणि तो शेजारी बसून असा बघत होता जसं काही तीर्थ देतो आहे. मी त्याला दातांचं सगळं सांगितलं, कागदावर दात काढून दाखवले. पोरीचं तोंड असं होईल, आणि हे तुम्ही केलेलं असेल, असंही म्हटलं. त्याचा चेहरा जरा बदलला. माणूस नातीवर जीव टाकणारा होता, यात शंका नव्हती, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा. दुष्ट माणसाला निदान धमकी देता येते.

मग तो म्हणाला, "त्या पाण्याले चुना खाऊ घाला. मंग पाजतो मी तिले."

ही मागणी रास्त होती. शुद्ध केलेल्या चुनखडीचं नळकांडं मिळतं, ते यंत्राला जोडता येतं, पाण्यात थोडं कॅल्शियम परत येतं आणि पाइपही टिकतात. मी म्हटलं की नागपूरहून मागवावं लागेल, गटाची बैठक व्हायला हवी, बसवल्यावर तपासणी होईल, मगच सुरू करायचं. तोवर नातीला यंत्राचंच पाणी द्या. तो म्हणाला, तोवर नाही. मी म्हटलं, मग थांबा. तो म्हणाला, थांबतो.

तो थांबला नाही.

खाणीतून सिमेंट कारखान्याकडे जाणाऱ्या डंपरमधून रस्त्याच्या वळणावर दगड सांडतात. तो सायकल घेऊन गेला आणि पोत्यात चुनखडी भरून आणू लागला. एकेक दगड फोडून सुपारीएवढा केला, नाल्यावर नेऊन धुतला, अंगणात वाळवला. निळ्या ड्रमला भोकं पाडली, पाइप जोडले, चकत्या बसवल्या. काम म्हणून पाहाल तर देखणं होतं, एक थेंब गळत नव्हता. मंदाबाईचा आधी विरोध होता. मग तिने पाहिलं की रांग सोडून गेलेली माणसं आता यंत्रापाशी गोळा व्हायला लागली आहेत, आणि तीही विरघळली. ड्रम बसला. त्याने पहिला पेला स्वतः घेतला, तोंडात घोळवला, आणि या वेळी गिळला. गावाने टाळ्या वाजवल्या म्हणे. लोक परत आले. पाणी गोड लागतं, असं म्हणू लागले. तन्वी आजोबांचा हात धरून यंत्रावर आली आणि त्याने तिला स्वतः पाणी पाजलं.

मला यातलं काही कळवलं नव्हतं. कळलं ते तिसऱ्याच रस्त्याने. गावात जुलाब सुरू झाले. आधी दोन घरं, मग वस्तीच्या वस्ती. म्हातारी माणसं आणि पोरं आडवी झाली. तन्वी सगळ्यांत वाईट. तिला ग्रामीण रुग्णालयात आणून सलाइन लावलं तेव्हा तिचे डोळे आत गेले होते.

मी गावात गेले आणि ड्रम कुठे बसवला आहे ते पाहिलं. आमच्या छोट्या यंत्रात सगळ्यात शेवटी एक निळसर प्रकाशाचा दिवा असतो. त्याच्यासमोरून पाणी गेलं की जंतू मरतात, आणि लगेच पुढे तोटी. त्याने ड्रम दिवा आणि तोटीच्या मधे बसवला होता. म्हणजे जंतू मारलेलं पाणी तो नाल्यावर धुतलेल्या दगडांतून फिरवत होता आणि मग लोकांना पाजत होता. त्यात ड्रम उन्हात, आत कोमट. जंतूंची जत्राच. मी यंत्र बंद करायला लावलं आणि तोटीला चिंधी बांधली. मंदाबाई कपाळाला हात लावून ओट्यावर बसली होती. तिला बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, पण तिच्या घरातलीही दोघं रुग्णालयात होती.

दुसऱ्या सकाळी तो प्रयोगशाळेत आला. रुग्णालयातून सरळ आला होता, वरचं बटण उघडं. जय भीम म्हणाला. बाटली काढली, या वेळी हळूच ठेवली, आणि तेच वाक्य म्हणाला, पण पहिल्यासारखं ठणकावून नाही.

जंतूंची साधी तपासणी एका लहान शिशीत करतात. आत एक औषध असतं, त्यात पाणी ओतून ठेवायचं. पाणी वाईट असेल तर शिशी काळी पडते. मी त्याच्यासमोर पाणी ओतलं आणि उद्या या म्हटलं. तो दुसऱ्या दिवशी आला तेव्हा शिशी डांबरासारखी काळी होती. ती मी त्याच्यासमोर ठेवली.

त्याने ती उचलून उजेडाकडे धरली. मग विचारलं, "चुन्यानं झाली?"

"चुन्याने नाही," मी म्हटलं. "चुना बरोबर होता. दिव्याच्या पुढे लावला, तिथे चुकलं. आणि दगड नाल्यावर धुतला. तिकडे तुमच्या हौदांनंतर पाण्यात क्लोरीन टाकत असतील की नाही?"

"टाकत होते."

"मग?"

"क्लोरीनवाले येगळे होते, बाई," तो म्हणाला. "त्यायची इमारतच येगळी होती. मी कधी गेलो नाई तिकडे. आमाले जाऊ देत नव्हते."

आयुष्यभर त्याने समुद्राच्या कारखान्यातली एकच खोली पाहिली होती, आणि परत येऊन सगळ्या समुद्राच्या नावाने बोलत होता. हे मी त्याला तेव्हा तोंडावर म्हटलं. म्हणायला नको होतं असं काही जण म्हणतील. मला तसं वाटत नाही. तिकडे रुग्णालयात पोरगी सलाइनवर होती.

तन्वी वाचली. तिला घरी न्यायच्या वेळी मी रुग्णालयात होते. तो पुढे होऊन नातीला उचलायला गेला, तेव्हा सुषमा मधे उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"मामाजी, आता हिच्या पाण्याचं मी पाहीन," ती सासऱ्याला म्हणाली. "तुमी तुमचं पाहा."

तो बाजूला झाला. त्या घरात त्याचा शब्द चालणं त्या दिवशी संपलं. त्यानंतर पोरगी लाल पंपाचं पाणी प्यायली नाही.

ड्रम काढून, यंत्र धुऊन पुन्हा चालू केलं आणि गावाने त्याला यंत्राच्या कुंपणाच्या आत यायची बंदी केली. नागपूरहून शुद्ध चुनखडीचं नळकांडं आलं ते बसवायला मी गेले. मंदाबाई आणि गटातल्या बाया पाने-पकडी घेऊन तयार होत्या. हा कुंपणाच्या तारेला टेकून बाहेर उभा. त्याला आत बोलवावं असं कोणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. पण तोंड बंद ठेवेल तो हा कसला. बाहेरून त्याच्या सूचना चालू झाल्या. डावीकडे फिरवा, चकती उलटी आहे, पाना चुकीचा धरला, त्या बाईले बाजूले करा, तिच्या हातात जोर नाई.

"भाऊ," मंदाबाई मागे न बघता म्हणाली, "तुमी तोंडानंच पाना फिरवून राह्यले. आम्ही घरी जाऊ काय?"

बाया खिदळल्या. तो चिडून निघून गेला आणि कोपऱ्यावरून परत आला. चकती खरंच उलटी होती. आम्ही ती सुलटी केली, पण तो दुसरीकडे बघत असताना. नळकांडं दिव्याच्या अलीकडे बसलं, पाणी तपासलं, यंत्र परत सुरू झालं. आजही तसंच चालू आहे.

तो स्वतः मात्र लाल पंपाचंच पाणी पीत राहिला. मी विचारलं तर म्हणाला, माझे दात पडून गेले, हाडं तशीही गेली, आता कोणासाठी बदलू. बाटल्या आणणं सुरूच. कुठल्या गावच्या विहिरीचं, कुठल्या लग्नातल्या टाकीचं, एकदा तर अहेरीला नातेवाइकाकडे गेला तिथून प्राणहिता नदीचं पाणी घेऊन आला. मी तपासायची, लिहायची, तो चुका काढायचा. आमच्यात मैत्री झाली असं कोणी समजू नये. त्याला मी उद्धट वाटायचे. मला तो तसाच वाटायचा.

मग तन्वीचे समोरचे दात पडले आणि पक्के यायला लागले. तो तिला घेऊन प्रयोगशाळेत आला. हातात बाटली नव्हती. तिला माझ्यासमोर उभी केली आणि तोंड उघडायला सांगितलं. वरचे दोन दात आले होते. त्यांच्यावर आडवे पिवळट तपकिरी पट्टे होते, खडूसारखा खरबरीतपणा. हे दात ती लाल पंपावर असताना घडले होते.

त्याने विचारलं की हे घासून जाईल का. मी सांगितलं, जाणार नाही. मोठी झाल्यावर दातांचा डॉक्टर वरून काही लावू शकतो, पण आतला डाग आतच राहील.

पोरगी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला फ्रिजवरचं चुंबक बघायला पाठवलं. तो खुर्चीत बसला नाही, उभाच राहिला.

"तुमी आणखी जोरात काऊन नाई भांडल्या माझ्याशी?" त्याने विचारलं.

मला राग आला. तुमच्याशी जितकी भांडले तितकी नवऱ्याशीही भांडले नाही, मी म्हटलं. पंपावर भांडले, घरी येऊन भांडले, कागदावर दात काढून दाखवले. आणखी काय करायचं होतं, पेला हिसकायचा होता?

"हिसकायचा होता," तो म्हणाला.

तो नातीचा हात धरून निघून गेला. जय भीम म्हणायचं विसरला, तेवढ्या एकाच वेळी.

पुढच्या काही वर्षांत तो खंगत गेला. बाटल्या कमी झाल्या, मग बंद झाल्या. छातीच्या दुखण्याने गेला, दवाखान्यात न्यायच्या आधीच. पुण्यानुमोदनाच्या विधीला मी गेले. विहाराच्या मांडवात आलेल्यांना यंत्राचंच पाणी दिलं जात होतं. मंदाबाई पेले भरत होती. मला पेला देताना म्हणाली, "आता कोण थुकीन, बाई, आमच्या पाण्यावर?" आणि पुढच्या माणसाकडे वळली.

सुषमा आता अंगणवाडीत लागली आहे. मागच्या महिन्यात तालुक्याला आली तेव्हा तन्वीला घेऊन माझ्याकडे आली. पोरगी सहावीत आहे, आजोबासारखी उंच होणार. बोलताना ओठ पुढे घेते, वरचे दात झाकायला. ते सवयीने होतं, तिला कळतही नाही. सुषमाने सांगितलं की आता बाजूचे दात आले, जरा बघा.

मी तिला खिडकीशी नेलं आणि मोबाइलचा दिवा लावला. समोरचे दात तसेच, तपकिरी पट्ट्यांचे. त्यांच्या बाजूचे सुळे आणि त्यामागच्या दाढा नुकत्याच फुटल्या होत्या. दात टोकाकडून हिरडीकडे घडत जातो. टोकाशी प्रत्येकावर धुरकट ठिपका होता, लाल पंपाच्या दिवसांचा. त्याच्या पुढे, हिरडीच्या दिशेने, दात पांढरे होते. स्वच्छ पांढरे. धुरकट कुठे संपतं आणि पांढरं कुठे सुरू होतं ती रेघ स्पष्ट दिसत होती. सुषमा रुग्णालयात मधे उभी राहिली, तो बाजूला झाला, तो दिवस.

समोरचे डागाळलेले दात त्याने रोज पाहिले. हे दात यायच्या आधी तो गेला.

"चांगले आहेत ना?" सुषमाने विचारलं.

चांगले आहेत, मी म्हटलं, आणि पोरीला तोंड मिटायला सांगितलं.